सलाईन लावली आणि गाय गेली: पशुवैद्यकाविरुद्धच्या तक्रारीची चौकशी कशी होते

प्रश्न थोडक्यात असा आहे: संकरित गाय, तिसरे वेत, व्यायल्याच्या दुसऱ्या दिवशी बसली. खाजगी डॉक्टरांनी मानेच्या शिरेतून बाटली लावली आणि बाटली संपता संपता गाय हातपाय झाडून मेली. डॉक्टर म्हणतात आजारानेच गेली, घरचे म्हणतात इंजेक्शनने गेली. तक्रार कुठे करायची, चौकशी कोण करतो, कशी करतो, आणि भरपाई मिळते का?

तक्रारीच्या कागदाआधी गायीकडे पाहा. कागद महिन्याने लिहिता येतो, गाय उद्या तशी राहत नाही. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात मेल्यावरही आंबणे चालूच असते. उन्हाळ्यात काही तासांतच पोट टम्म फुगते, आतले अवयव मऊ पडतात, आणि पुढे कुठला बदल रोगाचा नि कुठला सडण्याचा हे सांगणे शवविच्छेदन करणाऱ्यालाही अवघड होते. नाकारल्या गेलेल्या तक्रारींमध्ये सर्वांत मोठी उणीव हीच दिसते: गाय संध्याकाळी पुरली, तक्रार पंधरा दिवसांनी लिहिली, आणि चौकशी करणाऱ्यापुढे दोन माणसांच्या परस्परविरुद्ध बोलण्याशिवाय काहीच उरले नाही.

म्हणून त्याच दिवशी तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे शवविच्छेदनासाठी लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. अर्जात एवढेच लिहावे: गाय कोणत्या वेळी मेली, कोणते उपचार चालू होते, मृत्यूच्या कारणाबद्दल वाद आहे, त्यामुळे उपचार करणाऱ्या डॉक्टरांव्यतिरिक्त दुसऱ्या पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन व्हावे. उपचार करणाऱ्यानेच पोट फाडून स्वतःच अहवाल लिहिला, तर तो अहवाल खरा असला तरी चौकशीत त्याचे वजन राहत नाही. त्यात त्या डॉक्टरांचेही नुकसान आहे.

एक अपवाद मात्र जिवाशी गाठ घालणारा आहे. जनावर अचानक मेले असेल आणि नाक, तोंड, गुदद्वार यांतून काळपट, न गोठणारे रक्त येत असेल, तर ते शव कोणीही फाडू नये. ती फाशी रोगाची, म्हणजे अँथ्रॅक्सची खूण असू शकते. शव उघडले की जंतू बीजाणू धरतात आणि ती जमीन वर्षानुवर्षे धोक्याची होते. अशा वेळी कानाच्या शिरेतल्या रक्ताचा काचपट्टीवर लेप घेऊन तोच तपासतात.

शवविच्छेदन होत असेल तर नमुने कसे ठेवले जातात याकडे मालकाने लक्ष द्यावे. सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी अवयवांचे तुकडे एक सेंटीमीटरपेक्षा जाड नसावेत आणि तुकड्यांच्या दहापट तरी दहा टक्के फॉर्मॅलिन असावे. मूठभर यकृत लहान बाटलीत कोंबले तर ते मधून कुजते आणि प्रयोगशाळा ‘नमुना तपासणीयोग्य नाही’ असा शेरा मारते. विषबाधेची शंका असेल तर जठरातला ऐवज, यकृत आणि मूत्रपिंड वेगवेगळ्या स्वच्छ बाटल्यांत, मोहोर लावून, बर्फात ठेवावे. त्यात फॉर्मॅलिन अजिबात घालायचे नाही. रोगनिदानाचे नमुने पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात. विषाच्या तपासणीसाठी न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जायचे असेल तर ते पोलिसांमार्फत जावे लागते. म्हणून विषाची शंका असेल तर पोलीस ठाण्यातली नोंद त्याच दिवशी हवी.

आता तुमच्या गायीबद्दल. व्यायल्यानंतर पहिल्या बहात्तर तासांत बसणारी गाय बहुधा दुग्धज्वराची, म्हणजे रक्तातले कॅल्शियम एकाएकी घटल्याची असते. तिला शिरेतून कॅल्शियम बोरोग्लुकोनेट देणे हाच योग्य उपचार आहे. न दिल्यास अशा बहुतेक गायी मरतात. पण तेच औषध भराभर सोडले तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि गाय सुईवरच जाते. म्हणजे ‘बाटली लावली आणि गाय मेली’ या एका वाक्यात दोन्ही शक्यता बसतात: योग्य औषध चुकीच्या वेगाने दिले गेले, किंवा योग्य औषध योग्य वेगाने देऊनही उशिरा पोहोचलेली गाय वाचली नाही. चौकशीचा सगळा भर या दोहोंतला फरक शोधण्यावर असतो.

शवविच्छेदनाकडून इथे चुकीची अपेक्षा ठेवू नका. कॅल्शियमने हृदय थांबले तर हृदयावर तशी छापील खूण उरत नाही, आणि कॅल्शियम कमी पडून मेलेल्या गायीतही खास काही दिसत नाही. मग शवविच्छेदन कशाला? बाकीची कारणे बाजूला काढायला. गायीने चाऱ्याबरोबर तार किंवा खिळा गिळलेला असतो, तो जाळीपोटातून पुढे जाऊन हृदयाच्या आवरणाला टोचलेला असतो, तिथे पू साठलेला असतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. अशी गाय व्यायल्यावर बसते, बाटली लागते आणि ती मरते. तसेच गर्भाशय फाटणे, पोटात पू होणे, विषारी दगडी, म्हणजे कासेला आलेली जंतूंची तीव्र सूज. यांपैकी काही सापडले तर चौकशीची दिशाच बदलते. काहीच सापडले नाही तर औषधाचा वेग आणि मात्रा हा प्रश्न पुढे सरकतो. गावात ‘सलाईनमधून हवा गेली म्हणून मेली’ असे हमखास म्हटले जाते. नळीतल्या थोड्या बुडबुड्यांनी एवढे मोठे जनावर मरत नाही. तक्रारीत हे कारण लिहिले की तज्ज्ञाच्या नजरेत बाकीची तक्रारही हलकी होते.

रिकामी बाटली, नळी, सुई, इंजेक्शनच्या कुप्या, डॉक्टरांची चिठ्ठी हे सगळे एका पिशवीत घालून दोन पंचांसमोर बांधावे. बाटलीवरचा बॅच क्रमांक आणि मुदत दिसेल असे फोटो काढावेत. औषधाच्याच दर्जाची शंका असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लिहावे. तुमच्याकडची उघडी बाटली कायदेशीर नमुना ठरत नाही. औषध निरीक्षक त्याच बॅचच्या बंद बाटल्या दुकानातून उचलतो, म्हणून दुकानाची पावती आणि बॅच क्रमांक महत्त्वाचा. पंचनाम्यावर सरपंच, पोलीस पाटील किंवा तलाठी यांपैकी कोणी असेल तर चांगले. गायीचा कानातला बारा अंकी बिल्ला फोटोत स्पष्ट यावा, आणि फोटो होईपर्यंत तो कापू नये.

डॉक्टरांना फोन किती वाजता केला, ते किती वाजता आले, बाटली कधी लावली, गाय कधी पडली, या चार वेळा त्याच रात्री कागदावर लिहून ठेवा. फोनमधली कॉलची यादी आणि संदेश पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि मूळ फोन जपलेला असेल तर ते सोपे जाते. कोणी व्हिडिओ काढला असेल तर तो सर्वांत मोलाचा. त्यात बाटली किती उंच धरली होती आणि किती मिनिटांत रिकामी झाली हे दिसते.

गायीचा विमा असेल तर इथे एक मोठा खड्डा आहे. विमा कंपनीला तातडीने कळवावे लागते, दाव्यासाठी पशुवैद्यकाचा मृत्यू दाखला लागतो, आणि घाईत मालक ‘आजाराने नैसर्गिक मृत्यू’ अशा कागदावर सही करतो. आठवड्याने तोच मालक ‘चुकीच्या उपचाराने मृत्यू’ अशी तक्रार करतो. दोन्ही कागद एकमेकांसमोर आले की विमाही अडकतो आणि तक्रारही. विम्याच्या अर्जात जे दिसले तेवढेच लिहावे: व्यायल्यावर बसली, उपचार चालू असताना मेली, शवविच्छेदनाचा अहवाल यायचा आहे.

एवढे झाले की मग दुसरा प्रश्न: उपचार करणारा माणूस खरोखर पशुवैद्यक आहे का? ग्रामीण भागात पदवीधर पशुवैद्यक, पदविका घेतलेला पशुधन पर्यवेक्षक, कृत्रिम रेतन करणारा सेवक आणि औषध दुकानात चार वर्षे काम केलेला पोरगा, या सगळ्यांना ‘डॉक्टर’ म्हणतात. कायद्यापुढे हे चौघे वेगळे आहेत. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० प्रमाणे पशुवैद्यकीय व्यवसायाचा आणि दाखल्यांवर सही करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे. पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्यांना राज्य शासनाच्या आदेशाने फक्त किरकोळ पशुवैद्यकीय सेवा देता येतात, जसे लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी आणि शासनाने अधिसूचित केलेले प्राथमिक उपचार. त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि निर्देशानुसार. ‘देखरेखीखाली’ या शब्दावर अनेक प्रकरणे अडतात. देखरेख करणारा कोण, त्याने कोणता निर्देश दिला, हे कागदावर नसेल तर ती सेवा कायद्याच्या चौकटीबाहेर जाते.

म्हणून तक्रार लिहिण्याआधी त्या व्यक्तीचा नोंदणी क्रमांक शोधा. चिठ्ठीवर, शिक्क्यावर तो असतो. नसेल तर नागपूरला असलेल्या महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नाव देऊन लेखी विचारा. नोंदवही हा सार्वजनिक दस्तऐवज आहे. व्यक्ती नोंदणीकृत नसेल तर परिषद तिचे नाव काढणार तरी कुठून? ते प्रकरण अनधिकृत व्यवसायाचे होते आणि त्यासाठी जिल्हा पशुसंवर्धन कार्यालय आणि पोलीस ठाणे हे मार्ग आहेत. बरेच लोक वर्षभर परिषदेच्या उत्तराची वाट पाहतात आणि शेवटी ‘संबंधित व्यक्ती या परिषदेकडे नोंदणीकृत नाही’ एवढी एक ओळ हाती येते.

व्यक्ती नोंदणीकृत असेल तर तुम्हाला नेमके काय हवे ते ठरवा, कारण प्रत्येक दार वेगळ्या गोष्टीसाठी आहे. पशुवैद्यकाच्या व्यवसायाच्या परवान्यावर कारवाई हवी असेल तर परिषद. पैशांची भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालय. सरकारी नोकर असेल आणि कामात कसूर केली असेल तर त्याचे खाते. परिषद एक रुपयाही भरपाई देत नाही आणि ग्राहक आयोग कोणाची नोंदणी रद्द करत नाही. दोन्ही ठिकाणी स्वतंत्र तक्रार करायला हरकत नाही. मात्र दोन्हींतले तथ्य शब्दशः सारखे असले पाहिजे.

परिषदेतली चौकशी अशी चालते. अर्ज निबंधकाकडे जातो. तिथे पहिली छाननी होते: अर्जावर सही आहे का, तक्रारदाराची ओळख आहे का, पशुवैद्यक याच राज्याच्या नोंदवहीत आहे का, आणि आरोप व्यावसायिक वर्तनाबद्दल आहे का. निनावी अर्ज इथेच गळतात. तक्रार प्रतिज्ञापत्रासह द्यावी, कागदांना क्रमांक द्यावेत, आणि शक्य तर तीन प्रती जोडाव्यात, कारण एक प्रत पशुवैद्यकाला जाणारच असते. त्यानंतर त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवला जातो. खुलासा आला की त्याची प्रत आवर्जून मागा आणि मुद्देसूद प्रत्युत्तर द्या. पुष्कळ तक्रारदार इथे गप्प बसतात. मग खुलाशातली विधाने बिनविरोध राहतात.

प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर प्रकरण परिषदेपुढे किंवा तिने नेमलेल्या समितीपुढे सुनावणीला लागते. अधिनियमाने नोंदवहीतून नाव काढण्याआधी पशुवैद्यकाला आपली बाजू मांडण्याची वाजवी संधी देणे बंधनकारक केले आहे. ती संधी न देता काढलेला आदेश अपिलात टिकत नाही. म्हणून तारीख पुढे ढकलली की लगेच ‘साटेलोटे आहे’ असा निष्कर्ष काढू नये. पहिली नोटीस नीट बजावली गेली नसेल तर पुढचे सगळे काम वाया जाते, हे तिथल्या लोकांना पक्के ठाऊक असते.

तांत्रिक प्रश्नावर विषयतज्ज्ञाचे मत घेतले जाते. अडलेल्या वासराचे प्रकरण असेल तर प्रसूतिशास्त्राचा, शस्त्रक्रियेचे असेल तर शल्यचिकित्सेचा प्राध्यापक. राज्यात नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आणि अकोला इथल्या संस्थांत असे लोक आहेत. तज्ज्ञ आरोपी पशुवैद्यकाचा शिक्षक, वर्गबंधू किंवा भागीदार असेल तर तक्रारदाराने लेखी हरकत सुरुवातीलाच घ्यावी. मत विरोधात आल्यावर घेतलेली हरकत कोणी मनावर घेत नाही. पशुवैद्यकांचे जग लहान आहे, ओळखी असणारच. ओळख आणि हितसंबंध यांतला फरक दाखवता आला पाहिजे.

तज्ज्ञ काय पाहतो? तुमच्या गायीच्या बाबतीत त्याचे प्रश्न असे असतील. उपचारापूर्वी ताप मोजला होता का? दुग्धज्वरात अंग आणि कान थंड पडतात, ताप नसतो. ताप असेल, कास सुजलेली असेल, तर विषारी दगडीचा विचार करायला हवा होता, कारण अशा गायीचे हृदय कॅल्शियमला जास्त लवकर दबते. हृदयाचे ठोके आधी आणि देताना ऐकले का? ४५० मिलिलिटरची बाटली किती वेळात गेली? दहा-पंधरा मिनिटांच्या खूप आत रिकामी झाली असेल तर ती गंभीर चूक. द्रावण थंडगार होते की अंगाइतके कोमट? त्याच दिवशी आधी कोणी कॅल्शियम दिले होते का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मालकानेही खरे द्यावे. डॉक्टर येण्याआधी गावातल्या कोणीतरी एक बाटली लावलेली असते आणि ते लपवले जाते. ते उघड झाले की तक्रार तिथेच बसते. आणि ठोके चुकू लागल्यावर सुई थांबवली का? थांबवली असेल, तशी नोंद असेल, तर पशुवैद्यकाने धोका ओळखून पाऊल उचलले असे मानले जाते, गाय मेली तरीही.

कारण कसोटी निकालाची नाही, कृतीची आहे. त्याच परिस्थितीत सर्वसाधारण कौशल्याच्या पशुवैद्यकाने जेवढी काळजी घेतली असती तेवढी घेतली का, एवढेच विचारले जाते. रात्री दोन वाजता, बॅटरीच्या उजेडात, गोठ्यात उभ्या असलेल्या माणसाकडून शहरातल्या रुग्णालयाइतक्या तपासण्यांची अपेक्षा नसते. पण ताप मोजणे, छातीला स्टेथोस्कोप लावणे आणि घड्याळाकडे बघणे याला रुग्णालय लागत नाही.

काही गोष्टींना मात्र तज्ज्ञाचीही गरज पडू नये. मांजराला पॅरासिटामॉल लिहून देणे ही त्यांपैकी एक. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही, एखाद्या गोळीनेही मांजर मरते. घोड्याच्या हिशेबाने गायीला झायलाझीन देणे ही दुसरी. गाय या गुंगीच्या औषधाला घोड्याच्या सुमारे दहापट संवेदनशील असते. जनावरांसाठी २००६ पासून बंद असलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक, किंवा २०२३ मध्ये बंद झालेली अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन वापरणे ही तिसरी. ही औषधे दिलेले जनावर मेले आणि त्याचे मांस गिधाडांनी खाल्ले तर गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. मेलॉक्सिकॅमसारखा पर्याय हाताशी असताना हे वापरायला सबब नाही. याउलट पार्व्हो या विषाणूजन्य रोगाचे कुत्र्याचे पिल्लू पाच दिवसांच्या सलाईननंतरही गेले, म्हणून तेवढ्यावर डॉक्टर दोषी ठरत नाहीत. तो रोगच तसा आहे.

चुकलेल्या उपचारापेक्षा खोट्या कागदांची प्रकरणे परिषदेत जास्त ठामपणे सिद्ध होतात, आणि खरे तर तीच गैरवर्तणुकीची शुद्ध उदाहरणे आहेत. जनावर न पाहता वाहतुकीसाठी तंदुरुस्तीचा दाखला देणे. ट्रकमध्ये अठरा जनावरे आणि दाखल्यावर बारा. बैलगाडा शर्यतीच्या बैलांची तपासणी न करता कोऱ्या दाखल्यांवर सह्या करून ठेवणे. विम्यासाठी जिवंत गायीचा मृत्यू दाखला, किंवा एका बिल्ल्यावर दुसरीच गाय. आपली पदवी आणि नोंदणी क्रमांक भाड्याने देऊन अपात्र माणसाला दवाखाना चालवू देणे. औषध दुकानाकडून किंवा प्रयोगशाळेकडून चिठ्ठीमागे कमिशन घेणे. व्यावसायिक वर्तन, शिष्टाचार आणि नीतिसंहितेचे १९९२ चे विनियम अशाच वागण्यासाठी आहेत. इथे मत विचारावे लागत नाही, दाखल्यावरची तारीख आणि त्या दिवशी डॉक्टर कुठे होते हे जुळवले की पुरते. फी जास्त घेतली, फोन उचलला नाही, उद्धट बोलले, या तक्रारी खऱ्या असल्या तरी परिषदेच्या पातळीची गैरवर्तणूक सहसा ठरत नाहीत.

दोष सिद्ध झाला तर परिषदेच्या हातातले सर्वांत मोठे शस्त्र म्हणजे नोंदवहीतून नाव काढणे, ठरावीक काळासाठी किंवा कायमचे. नाव गेले की व्यवसाय, दाखले, नोंदणी लागणारी नोकरी सगळेच थांबते. एवढी कठोर शिक्षा असल्यामुळे पुराव्याची अपेक्षाही तेवढीच कडक ठेवली जाते, आणि ते योग्यच आहे.

पशुवैद्यक सरकारी असेल तर रस्ता वेगळा. पशुधन विकास अधिकारी गट-अ चे राजपत्रित अधिकारी असतात. जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात बसत असले तरी त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई शासन पातळीवरून होते. जिल्हा पशुसंवर्धन अधिकारी किंवा मुख्य कार्यकारी अधिकारी प्राथमिक चौकशी करून अहवाल वर पाठवू शकतात. पुढे महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ लागतात: मोठ्या शिक्षेसाठी नियम ८ खाली दोषारोपपत्र, चौकशी अधिकारी, सादरकर्ता अधिकारी, साक्षी आणि उलटतपासणी, तर किरकोळ शिक्षेसाठी नियम १० खाली खुलासा मागवून निर्णय. जिल्हा परिषदेच्या सेवेतल्या पशुधन पर्यवेक्षकाला मात्र जिल्हा परिषदेचे १९६४ चे शिस्त व अपील नियम लागतात. त्यामुळे एकाच दवाखान्यातल्या दोघांविरुद्ध एकच अर्ज केला की तो दोन टेबलांमध्ये फिरत राहतो. दोन अर्ज करा.

सरकारी दवाखान्याचा एक फायदा असा की तिथे नोंदवह्या असतात आणि त्या एकमेकींना बांधलेल्या असतात. बाह्यरुग्ण नोंदवहीत गायीची नोंद कोणत्या क्रमांकावर आहे, औषध साठा नोंदवहीत त्या दिवशी किती बाटल्या खर्ची टाकल्या, हालचाल नोंदवहीत अधिकारी कुठे गेल्याचे लिहिले आहे. उपचार कागदावर एक बाटली आणि साठ्यात तीन खर्ची असतील तर प्रश्न उभा राहतो. माहितीच्या अधिकारात या तीनही नोंदवह्यांच्या त्या तारखेच्या पानांसोबत आदल्या आणि पुढच्या पानाच्या प्रतीही मागा. मागाहून घुसवलेली नोंद शेजारच्या ओळींशी ताडल्यावरच उघडी पडते. उत्तराची मुदत तीस दिवस आहे.

भरपाईसाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत, आणि सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. दोन हरकती हमखास येतात. पहिली, फी दिल्याचा पुरावा कुठे आहे? गावात पावती कोणी देत नाही, म्हणून यूपीआयने पैसे दिले असतील तर त्याची नोंद काढून ठेवा. दुसरी, ‘दुधाचा धंदा म्हणजे व्यापारी हेतू, हा ग्राहकच नाही’. उपजीविकेसाठी स्वतः राबून केलेला व्यवसाय कायद्याने यातून वगळला आहे, ते तक्रारीच्या पहिल्याच पानावर लिहावे. पूर्ण मोफत सरकारी सेवेबाबत मात्र अडचण आहे: १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानवी रुग्णालयांबाबत सांगितले की सर्वांना मोफत सेवा असेल तर नुसत्या नोंदणीच्या नाममात्र रकमेने ती ग्राहक सेवा होत नाही, आणि तोच युक्तिवाद इथेही केला जातो. गायीची किंमत दाखवायला खरेदीची पावती, वेत, आणि दूध संकलन केंद्राच्या मागच्या सहा महिन्यांच्या पावत्या जोडा. विम्याचे पैसे मिळाले असतील तर ते लपवू नका, तेवढे वजा करूनच मागा. आयोगाच्या आदेशाविरुद्ध राज्य आयोगात ४५ दिवसांत अपील होते.

पोलिसांत गुन्हा दाखल व्हावा असा आग्रह बहुतेकांचा असतो. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचे कलम माणसाच्या मृत्यूपुरते आहे. जनावर मारल्याचे भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५, म्हणजे जुनी ४२८ आणि ४२९, यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण त्यासाठी नुकसान करण्याचा हेतू किंवा जाणीव लागते. वाचवायला आलेल्या माणसाबाबत ते सिद्ध होणे जवळजवळ अशक्य. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांवरील फौजदारी कारवाईसाठी ठळक, गंभीर निष्काळजीपणा आणि आधी स्वतंत्र तज्ज्ञमत यांची अपेक्षा ठेवली आहे. खोटा दाखला, फसवणूक, अपात्र माणसाने केलेला उपचार असेल तर पोलीस ठाणे योग्य जागा.

तक्रारीची भाषा साधी ठेवा. ‘खून केला’, ‘कसाई’ असे शब्द लिहिल्याने काहीच सिद्ध होत नाही. उलट गावाच्या ग्रुपवर डॉक्टरांचा फोटो टाकून तसे लिहिले तर तुमच्यावरच बदनामीची नोटीस येते आणि मूळ प्रकरण मागे पडते. पंधरा कार्यालयांना एकाच अर्जाच्या प्रती पाठवल्या की प्रत्येक जण दुसऱ्याच्या अहवालाची वाट पाहतो. दीड-दोन पाने पुरतात: तारीखवार घटना, नेमकी कोणती कृती चुकली, त्याला आधार कोणता कागद, आणि काय मागणी आहे.

हे वाचणाऱ्या पशुवैद्यकांसाठीही थोडे. नोटीस आली की नोंदवहीला हात लावू नका, जे लिहिले नव्हते ते आता लिहू नका. अपुरी नोंद समजावून सांगता येते, बदललेली नोंद सांगता येत नाही. ज्या रात्री गाय हातात गेली त्याच रात्री ताप, ठोके, औषध, बॅच, सुरू केल्याची आणि थांबवल्याची वेळ लिहा आणि मालकाला एक प्रत द्या. शवविच्छेदन दुसऱ्या पशुवैद्यकाकडून व्हावे असे स्वतःहून सुचवा. मालकाच्या मनातला निम्मा संशय तिथेच निवतो. आणि औषध देण्याआधी ‘ही गाय उशिरा कळवली आहे, धोका आहे’ हे तोंडी न सांगता चिठ्ठीवर लिहून त्याची सही घ्या.

आदेश कोणाच्याही बाजूने लागो, त्याची प्रमाणित प्रत लगेच मागा आणि ती हातात पडल्याची तारीख लिहून ठेवा. परिषदेच्या आदेशाविरुद्ध अधिनियमातच अपिलाची सोय आहे. त्या मुदतीबाबत वाद झाला की प्रत कधी मिळाली हेच आधी पाहिले जाते, म्हणून टपालाचे पाकीटही शिक्क्यासकट फाईलला लावा.